घेवड्याचा बाप

आमच्या गल्लीत कुणाला ताप आला की लोक अजूनही आमची बेल वाजवतात, कारण दारावरच्या पाटीवर हिच्या नावाआधी डॉक्टर लिहिलंय. मी दार उघडतो आणि सांगतो, "या घेवड्याच्या डॉक्टर आहेत. तुम्हाला शेंगा लागल्यात का?" काही लोक हसत परत जातात, काही चिडतात. चिडू देत. मी जन्मभर शाळेत पीटी शिकवली आहे. माझा आवाज मोठा आहे, राग नाकावर आहे, आणि या दोन्ही गोष्टींचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

तर ही आमची घेवड्याची डॉक्टर. संशोधन केंद्रात पैदासकार. पैदासकार म्हणजे काय, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. दोन जातींची झाडं घ्यायची, एकीच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दुसरीच्या फुलातले पराग तिथे लावायचे. शेंग धरली की तिचे दाणे पेरायचे. मग जी झाडं येतील त्यांतली बरी ठेवायची, बाकीची उपटायची. पुढच्या हंगामात परत तेच. त्याच्या पुढच्या हंगामात परत तेच. मी म्हटलं, "म्हणजे तुझं काम मुख्यतः उपटायचं आहे." मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "बरोबर ओळखलंत. काय ठेवायचं ते झाड स्वतःच सांगतं. काय टाकायचं ते मला ठरवावं लागतं."

ही सवय घरातही. भाजीवाला तिला टोपलीत हात घालू देत नाही, कारण ती गेल्यावर टोपलीत उरलेला माल विकला जात नाही. आमच्या मुलीने लग्न ठरवलं तेव्हा मुलगा पहिल्यांदा घरी आला, आणि हिने त्याला दिव्याखाली बसवून असा निरखला की तो बिचारा घामाने भिजला. शेवटी म्हणाली, "चांगला आहे. दमदार आहे. पुढे रोगाला बळी पडणार नाही." जावईबापू अजून ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरतात.

एवढं सगळं असून एक सल होता, आणि तो मी सरळच सांगतो. नोकरी संपत आली तरी हिच्या नावावर एकही वाण नव्हता. पैदासकाराचं सगळं आयुष्य कशासाठी, तर एक तरी वाण मंजूर व्हावा, बाजारात जावा, लोकांनी पेरावा. हिचा पहिला वाण शेवटच्या चाचणीत तांबेरा रोगाने गेला. दुसरा तयार झाला तेव्हा दुसऱ्या केंद्राने तसलाच एक वर्षभर आधी मंजूर करून घेतलेला. नातेवाईक विचारायचे, "तुझा घेवडा कुठे मिळतो गं?" ती हसून म्हणायची, "येतोय, येतोय." ते हसणं मला अजिबात आवडायचं नाही. मी मग मुद्दाम मोठ्याने दुसरंच काहीतरी बोलायला लागायचो.

आणि मग चौतीस नंबर आला.

चौतीस नंबरची खुबी म्हणजे तो झटपट शिजायचा. हे मोजायचं एक यंत्र आहे. पितळेची एक चकती, तिच्यात पंचवीस खळगे. प्रत्येक खळग्यात एक दाणा ठेवायचा आणि त्याच्यावर एक जड खुंटी उभी करायची. सगळं उकळत्या पाण्यात सोडायचं. दाणा शिजला की खुंटी त्याच्यातून आरपार जाते आणि टक् करून वाजते. निम्म्याहून जास्त खुंट्या पडल्या की वेळ लिहायची. सुट्टीच्या दिवशी ती मला सोबतीला न्यायची. साध्या घेवड्याच्या वेळी माझा पेपर वाचून संपायचा, कोडं सोडवून व्हायचं, भांडायलाही वेळ मिळायचा. चौतीसच्या वेळी मी पहिलं पान उलटतो न उलटतो तोच टक्, टक्, टक्टक्. म्हणजे निम्मं इंधन वाचणार. घरोघरी वाचणार. माझ्यासारख्या पीटीच्या मास्तरालाही कळलं की हे काम मोठं आहे.

गंमत अशी की याची आई शिजायला सगळ्यात हट्टी. बाप जरा बरा. आणि पोर दोघांपेक्षा पुढे! हे कसं, यावर हिने एका परिषदेत व्याख्यान दिलं होतं. फळ्यावर बाण, आकडे, चौकोन. दोघांकडचे थोडेथोडे गुण एकत्र आले की असं होतं म्हणे. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो आणि टाळ्या वाजवायचा सगळ्यात शेवटी थांबलो.

सगळ्या चाचण्या पार पडल्या. मंजुरीची बैठक तीन आठवड्यांवर आली. त्यानंतर लगेच हिची निवृत्ती. म्हणजे या वेळी नाही तर कधीच नाही, कारण हिच्या जागी येणारी धाकटी शास्त्रज्ञ कमी पाण्यावरच्या घेवड्यावर काम करते. तिच्याकडे चौतीससाठी ना वेळ होता ना शेत. दाण्यांचा डबा शीतगृहात गेला असता आणि कायमचा तिथेच राहिला असता.

एका संध्याकाळी ती धाकटी आमच्याकडे आली. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात शिरून डबे उघडणारी मुलगी, आज दारातच उभी. अर्जाला आता डीएनए चाचणी जोडावी लागते, ती तिने केली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "आई जुळते. बाप जुळत नाही."

मला हसू फुटलं. हिने माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी मेलं.

"परत कर," ही म्हणाली.

"तीनदा केली, मॅडम."

मग दोघी टेबलाशी बसल्या आणि मला हळूहळू उलगडलं. हिने पांढऱ्या फुलाच्या झाडावर जांभळ्या फुलाच्या झाडाचे पराग लावले होते. पुढच्या पिढीला जांभळं फूल आलं की समजायचं, संकर लागला. सगळे पैदासकार असंच समजतात. चौतीसच्या झाडाला जांभळं फूल आलं होतं. पण हिने लावलेले पराग लागलेच नव्हते. ती कळी उमलली आणि तिच्यावर एखादा भुंगा येऊन बसला. दुसऱ्याच कुठल्यातरी जांभळ्या फुलावरून आलेला भुंगा. त्याने आपलं काम करून टाकलं. आणि ही सतरा वर्षं त्याच्या लेकराला स्वतःच्या संकराचं समजून वाढवत बसली.

"पण त्या वर्षी आसपास दुसरा जांभळ्या फुलाचा घेवडा नव्हताच," ही म्हणाली. "आमच्या शेतात तर नव्हता. कुठून आला?"

आता खरं सांगतो, आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात. मी उठलो, पाण्याचा पेला भरला, अर्धा प्यायलो आणि म्हणालो, "माझा होता."

त्या काळी आम्ही केंद्राच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेताला लागून क्वार्टर, त्यामुळे परसात घेवडा लावायचा नाही असा नियम. मला नियम माहीत होता आणि तो मला मूर्खपणाचा वाटायचा. आईने मूठभर दाणे दिले होते, ते मी मागच्या तारेच्या कुंपणाला लावले. वेल चांगले गळ्यापर्यंत चढले, जांभळे झुपके आले, आणि त्याच दिवशी हिने ते पाहिले. काय तो तमाशा! एकेक वेल मला स्वतःच्या हाताने उपटायला लावला, वर आठवडाभर अबोला. मी पण आठवडाभर बोललो नाही, अर्थात माझं न बोलणंही सगळ्या कॉलनीला ऐकू जातं.

"तेच झुपके," मी म्हटलं. "तुझ्या घेवड्याचा बाप माझ्या आईच्या परसातला! म्हणजे हा आमच्या घराण्याचा झाला. पाटीवर माझंही नाव लाव."

धाकटी खुदकन हसली. ही हसली नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसून राहिली.

"म्हणजे हाही माझा नाहीच," ती म्हणाली.

पहिल्या वाणाला तांबेरा आला तेव्हा मी तिला पाहिलं होतं, दुसऱ्या वेळी पाहिलं होतं. पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली. हे गृहस्थ कशालाही "होऊन जाईल" म्हणतात, त्यांचं केंद्रात नावच होऊनजाईल साहेब पडलंय. ते म्हणाले, "बाई, अर्ज आहे तसाच जाऊ दे. चाचणीत आई जुळते ना? तेवढं पान लावू. बापाच्या रकान्याकडे कोण बघतंय? खरं लिहाल तर समिती म्हणेल, सगळं पहिल्यापासून तपासा. त्यात दोन वर्षं जातील, आणि तुम्ही तर चाललात. शिवाय तुमच्या मिस्टरांचे वेल वगैरे... लोक हसतील हो. जाऊ द्या. होऊन जाईल."

आणि मी? मी संचालकांच्या बाजूने! घरी मी आवाज चढवला. "एका रकान्यात जुनं नाव राहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे? घेवडा तोच आहे ना? शिजतो तसाच ना? तुझी एवढी वर्षं गेली, आता सरळ पदरात पडतंय तर घे की! हट्टीपणाची पण काही हद्द असते!"

ती शांतपणे कपडे घड्या करत होती. म्हणाली, "उद्या कुणीतरी या घेवड्यावरून पुढचा संकर करणार. तो माझा कागद खरा धरून बाप निवडणार. तो बाप खोटा असेल तर त्याची दहा वर्षं फुकट जातील. माझी एवढी वर्षं वाचवायला मी त्याची दहा घालवू?"

"तो कोण? अजून जन्मला तरी आहे का?"

"नसेल. म्हणून काय त्याला फसवू?"

मी खोलीत गेलो, पलंगावर बसलो आणि मनात म्हटलं, मास्तर, या बाईने तुम्हाला घरात ठेवलंय हेच पुष्कळ आहे.

खरं लिहायचं तर खरा बाप हवा. नुसतं "नवऱ्याने कुंपणाला लावला होता" एवढ्यावर समिती थोडीच ऐकणार? दाणा दाखवावा लागणार. आणि तो वेल तर मी स्वतःच उपटलेला. आई जाऊन बरीच वर्षं झाली. राहिली माझी मोठी बहीण, ताई, जी आईच्याच घरात राहते. सकाळची पहिली बस धरून मी तिच्याकडे गेलो.

ताईने दार उघडलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग तू सणावाराशिवाय कसा?"

मी घेवड्याचं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुंकेसर, भुंगा, डीएनए, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून मागच्या गॅलरीत नेलं. कठड्याला जांभळ्या फुलांचा वेल चढलेला होता.

"आईनंतर मीच लावते दरवर्षी," ताई म्हणाली. "याला शिजायला वेळ लागत नाही म्हणून तर आई दुसरा घेवडा घरात आणत नव्हती."

"मला कसं माहीत नाही हे?"

"तू कधी स्वयंपाकघरात उभा राहिलास? तू फक्त ताटावर बसून ओरडायचास, अजून का नाही झालं म्हणून." मग तिने वाळलेले दाणे माझ्या रुमालात बांधले आणि जरा थांबून म्हणाली, "वहिनीला सांग, ठणकावून सांग म्हणावं सगळ्यांना. आणि तू मध्ये बोलू नकोस."

दाणे धाकटीकडे दिले. जुळले. अगदी नखशिखांत जुळले. ते व्याख्यान, ते बाण, ते चौकोन, सगळं पाण्यात. खरं कारण एवढंच की बाप आधीच झटपट शिजणारा होता. हिने ते सगळं स्वतःच्या हाताने अर्जात लिहिलं. जुनी समजूत चुकीची होती, हेही लिहिलं. बापाच्या रकान्यात लिहिलं, घरगुती घेवडा, क्वार्टरच्या परसातला. संकर कुणी केला, त्या रकान्यात लिहिलं, भुंगा.

बैठकीच्या दिवशी मी केंद्राच्या सभागृहात मागच्या बाकावर जाऊन बसलो. बैठक खुली असते, कुणीही यावं. शेजारी धाकटी. समोर लांब टेबलामागे समिती, मधोमध अध्यक्ष. हिच्या आधी दोघांचे अर्ज झाले, दोघांचे बाप व्यवस्थित होते. मग ही उभी राहिली.

अध्यक्ष पानं उलटत होते. एका पानावर थांबले, चष्मा वर केला, शेजाऱ्याला दाखवलं. शेजारी हसला. पान पुढे सरकलं तसं हसू सरकत गेलं. होऊनजाईल साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "संकर भुंग्याने केला. दाणा तुमच्या सासूबाईंचा. लावला तुमच्या मिस्टरांनी. मग यात तुमचं काय?"

सगळं सभागृह हसलं. मी उठायलाच निघालो होतो, माझे कान तापले होते, पण धाकटीने माझी बाही पकडून ठेवली. ताईचे शब्दही आठवले. मी बसलो.

ही सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबली.

"बाकीचं सगळं मी टाकून दिलं," ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही. ती पुढे बोलली. "भुंग्याने एक सकाळ काम केलं. त्याच्यापासून पुढच्या हंगामांत शेकडो झाडं झाली. त्यांतली बहुतेक शिजायला हट्टी होती, नाहीतर रोगट होती, नाहीतर शेंगा जमिनीला टेकत होत्या. काही तर चौतीसपेक्षा दिसायला देखणी होती. ती उपटताना मला वाईट वाटलं. मी रोज सकाळी शेतात जायचे आणि ठरवायचे, आज कुणाला काढायचं. एखाद्या दिवशी चुकीचं झाड उपटलं असतं, तर आज तुमच्यापुढे चौतीस नसता. ते मी उपटलं नाही. यात माझं एवढंच आहे."

कोणी हसलं नाही. अध्यक्ष स्वतः कधीकाळी गव्हाचे पैदासकार होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा लावला.

"पुन्हा चाचण्या घ्यायच्या का?" एका सदस्याने विचारलं.

"कशासाठी?" अध्यक्ष म्हणाले. "घेवडा बदललेला नाही. त्यांनी आपल्याला आधी चुकीचं सांगितलं असतं आणि आपण पकडलं असतं, तर घेतल्या असत्या. इथे त्यांनीच पकडलंय." त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. एकेक मान हलली. मग त्यांनी कागद जवळ घेतला आणि मोठ्याने वाचलं. "घेवडा, चौतीस नंबर. वाण मंजूर. पैदासकार..." आणि हिचं पूर्ण नाव. माहेरच्या आडनावासकट, कारण ती नोकरीला लागली तेव्हा आमचं लग्न झालं नव्हतं.

जीव भांड्यात पडला. धाकटीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पुढचा अर्जदार आपले कागद घेऊन उठलासुद्धा. पण ही बसेना. तशीच उभी, खुर्चीची पाठ धरून.

"बसा, बाई," अध्यक्ष म्हणाले. "झालं तुमचं."

"हो," ती म्हणाली. "ते... शेवटचं परत एकदा वाचता का?"

पुढचा अर्जदार हळूच खाली बसला. अध्यक्षांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि पहिल्यापेक्षा हळू, एकेक शब्द सुटा करत सगळं वाचलं, नावापर्यंत. मला पुढचं काही दिसेना, कारण मी ताईने दाणे बांधून दिलेल्या रुमालात तोंड खुपसून ढसाढसा रडत होतो, आणि माझा आवाज मोठा आहे, तेव्हा ते सगळ्यांना ऐकू गेलं.